फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस आहे? मग असा घालवा

आधीच सांगतो, या प्लॅनमध्ये उफिझी गॅलरी नाहीये. हे वाचून काहीजण शिव्या घालतील हे माहितीये, फ्लॉरेन्सला जाऊन तिथलं बॉटिचेल्लीचं व्हीनसचं चित्र न बघता आलास म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता आलास असं माझ्या एका मित्राने ऐकवलंच आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्याकडे एकच दिवस असेल तर गॅलरीत चार तास उभं राहून, पाय मोडून, शेवटच्या वीस खोल्या नुसत्या ओलांडून बाहेर येण्यापेक्षा चर्चमध्ये जा. इथली बरीचशी भारी चित्रं भिंतीवरच काढलेली आहेत, ज्या भिंतीसाठी काढली त्याच भिंतीवर पाचशे-सहाशे वर्षं आहेत, ती दुसऱ्या कुठल्या शहरात प्रदर्शनाला येणार नाहीत. उफिझी दुसऱ्या दिवशी करा, आणि दुसरा दिवस नसेल तर पुढच्या वेळी.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या जर्मनीत नोकरीला. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन हा दिवस केला. बाबांचे गुडघे, आईचं शाकाहारी जेवण आणि माझी घाई या तिन्ही गोष्टी सांभाळून जे जमलं तेच लिहितोय, त्यामुळे तरुण मंडळींनी यात आणखी दोन ठिकाणं घुसवायला हरकत नाही.

वार कुठला निवडायचा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. सोमवारी मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ती आकादेमिया गॅलरी बंद, उफिझीपण बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात. शुक्रवारी सांता मारिया नोव्हेला उशिरा उघडतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, ते ऐकून कुणाला मोह होईल, पण त्या दिवशीची रांग बघून फुकटचं महाग पडलं असं वाटतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार किंवा शनिवार घ्या. आम्ही गुरुवारी गेलो.

आदल्या रात्री फ्लॉरेन्समध्येच मुक्काम केलात तर उत्तम. रोमहून फास्ट ट्रेनने दीड तासात येता येतं, पण मग आकादेमियाचा सव्वाआठचा स्लॉट हुकतो आणि पुढचं सगळं गणित कोलमडतं. स्टेशनचं नाव फिरेन्झे सांता मारिया नोव्हेला, तिकिटावर नुसतं फिरेन्झे बघून दुसऱ्याच स्टेशनवर उतरू नका, गावात अजून स्टेशनं आहेत. गाडी भाड्याने घेतली असेल तर जुन्या गावात अजिबात घालू नका, आत परवाना असलेल्या गाड्यांनाच सोडतात, कॅमेरे लावलेत, आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं.

आधी करायची कामं

आकादेमियाचं तिकीट अधिकृत सरकारी साइटवरून, सकाळचा पहिला स्लॉट, निदान तीन-चार आठवडे आधी. नेटवर अधिकृत असल्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच साइट्स आहेत ज्या तेच तिकीट दुप्पट पैशाला विकतात, नीट बघून घ्या. दुओमोच्या, म्हणजे इथल्या कॅथेड्रलच्या, घुमटावर चढायचं असेल तर त्याचंही वेळ ठरवून आधीच घ्यावं लागतं. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जागा अरुंद, मध्येच कंटाळा आला म्हणून मागे फिरता येत नाही. आम्ही सोडला, कारण बाबा म्हणाले, "जोतिबाच्या पायऱ्या चढतोय ते पुरे आहे."

कपडे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर चर्चच्या दारातूनच परत पाठवतात. आईच्या पंजाबी ड्रेसला कुणी काही म्हणालं नाही, माझ्याच हाफ पँटवर आक्षेप आला असता म्हणून फुल पँट घातली. उन्हाळ्यात बायकांनी एक ओढणी पर्समध्ये ठेवली की काम झालं. आणि एक एक, दोन दोन युरोची नाणी खिशात ठेवा, का ते पुढे येईलच.

सव्वाआठ ते साडेनऊ, डेव्हिड

नाश्ता बारमध्ये. इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान, दारूचा अड्डा नव्हे, आई दारात थबकली होती म्हणून सांगतो. काउंटरला उभं राहून एस्प्रेसो प्यायली तर साधारण दीड युरो, तीच टेबलवर बसून मागवली की दुप्पट-तिप्पट. कापुचिनो सकाळीच प्यायची, जेवणानंतर मागवली तर देतात पण तोंडाकडे बघतात. सोबत कोर्नेत्तो घ्या, क्रोसाँसारखाच पण जरा गोड आणि मऊ.

आकादेमियात शिरल्यावर लोक डेव्हिडकडे पळत सुटतात. तुम्ही पळू नका. त्याच्याकडे जाणाऱ्या लांब दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट पुतळे आहेत, त्यांना कैदी म्हणतात, पोप ज्युलियस दुसऱ्याच्या कबरीसाठी सुरू केलेले आणि तसेच राहिलेले. दगडातून माणूस बाहेर यायची धडपड करतोय असं वाटतं, छिन्नीच्या रेघा अजून दिसतात. मला तर डेव्हिडपेक्षा हेच जास्त आवडले, इथे दहा मिनिटं द्या.

मग डेव्हिड. उंची ५.१७ मीटर, म्हणजे आपल्या दीड मजल्याच्या वर. १५०१ ते १५०४ या काळात केला, काम हातात घेतलं तेव्हा मायकेलअँजेलो २६ वर्षांचा. तो संगमरवराचा ठोकळा आधी दुसऱ्या शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेला होता, कितीतरी वर्षं कॅथेड्रलच्या आवारात पडून होता, लांब आणि अरुंद, कुणाला त्याचं काय करावं कळेना. समोरून सगळेच फोटो काढतात, तुम्ही पूर्ण गोल फिरा. उजव्या हाताच्या शिरा बघा, मानेची शीर बघा, आणि मग चेहऱ्यासमोर जाऊन उभे राहा, समोरून तो शांत वाटतो पण चेहऱ्याच्या दिशेने बघितलं तर घाबरलेला, चिडलेला दिसतो, कारण ज्याच्याशी लढायचंय तो बायबलमधला राक्षसी योद्धा गोलियथ अजून यायचाय. हात नि डोकं जरा मोठं वाटतं त्यावर कारणं बरीच सांगतात, एक असं की हा पुतळा मुळात कॅथेड्रलवर उंच ठेवायचा होता. शेवटी ठेवला पियाझ्झा देल्ला सिन्योरियाच्या चौकात, आणि १८७३ मध्ये आत आणला. चौकात आज उभा आहे तो डुप्लिकेट.

सान मार्को, आणि मध्येच गोवा

आकादेमियातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर सान मार्कोचा मठ. हे म्युझियम दुपारी लवकर बंद होतं, म्हणून ते सकाळीच उरकायचं, दुपारवर ढकललंत तर दार बंद मिळेल. गर्दी खूपच कमी.

खालचं बघून जिना चढा. जिना संपता संपता समोर भिंतीवर फ्रा आंजेलिकोचं देवदूत आणि मेरीचं चित्र येतं, पायऱ्या चढताना ते हळूहळू वर उगवतं अगदी. आई तिथे थांबली आणि काहीच बोलली नाही, जे आमच्या घरात दुर्मिळ आहे. फ्रा आंजेलिको स्वतः या मठाच्याच, डोमिनिकन पंथाचा साधू, १४४० च्या आसपास त्याने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी वरच्या मजल्यावरच्या साधूंच्या खोल्यांमध्ये चित्रं काढली. खोल्या चाळीसच्या वर आहेत, एका खोलीत एक खिडकी आणि एक चित्र, बास. ना सोनं ना सजावट, कारण ते बघणारा माणूस एकटाच, आयुष्यभर तेच चित्र बघणार. सगळ्या खोल्यांत डोकवा, पण तीन-चार निवडून तिथे खरंच थांबा. मठासाठी पैसा ओतला तो शहरातल्या बड्या मेडिची घराण्यातल्या कोसिमोने, त्याची स्वतःची खोलीपण आहे, आणि ती दोन खोल्यांची आहे, धनिक तो धनिकच. दुसऱ्या टोकाला सावोनारोलाच्या खोल्या. हा इथला महंत, शहरातली चैनीची सामानं, चित्रं, आरसे चौकात जाळायला लावणारा, आणि १४९८ मध्ये त्यालाच त्या चौकात फाशी देऊन जाळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुपारी तो चौक लागणार आहे.

आता कोपऱ्यावरच विया देल्यी आल्फानी नावाच्या रस्त्यावर ओपिफिचियो देल्ले पिएत्रे दुरे नावाचं छोटं म्युझियम आहे. नाव उच्चारायला अवघड पण काम सोपं, रंगीत दगड कापून ते असे जोडायचे की चित्रच वाटावं, आपल्याकडे ताजमहालावर फुलं आहेत ना, त्याच जातीचं काम. मेडिची घराण्यातल्या फेर्दिनांदो पहिल्याने १५८८ मध्ये हा कारखाना सुरू केला. वरच्या मजल्यावर जुनी कामाची टेबलं आणि दगडांचे नमुने आहेत, कारागिराच्या घरातल्या माणसाला इथून हलवणं अवघड.

इथे गोवा कुठून आला? ओल्ड गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो चौथरा फ्लॉरेन्समध्ये घडवलाय. तस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्याचा, ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने भेट म्हणून पाठवला, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, आणि १६९८ मध्ये गोव्यात बसवला. म्हणजे लहानपणी सहलीला जाऊन आपण जे 'गोव्याचं' म्हणून बघितलं ते इथल्या कामगारांच्या हातचं. रंगीत दगड आणि ब्राँझच्या पाट्या. आता परत गोव्याला गेलो की पेटीच्या खाली बघणार.

दुपारचं जेवण

आधी पोटोबा मग विठोबा हे इथे चालत नाही. म्युझियमं सकाळची आणि स्वयंपाकघरं साडेबारा ते अडीच, अडीचनंतर चांगल्या ठिकाणी गॅस बंद होतो तो संध्याकाळी साडेसातला पेटतो. तीन वाजता भूक लागली तर मिळतं ते फक्त पर्यटकांसाठीचं, म्हणून साडेबाराला बसायचं.

सान मार्कोपासून सहा-सात मिनिटांवर मेर्कातो चेन्त्राले, लोखंड आणि काचेची १८७४ ची मंडई, आपल्या क्रॉफर्ड मार्केटच्या काळातली. आर्किटेक्ट मेन्गोनी, मिलानची ती काचेची प्रसिद्ध गॅलेरिया याच माणसाची. खाली मंडई, म्हणजे मांस, चीज, भाज्या, वाळवलेले टोमॅटो, वर खाऊगल्ली. खालची मंडई दुपारनंतर आवरते त्यामुळे आधी खाली फिरा. घरच्या मंडळींचं एकमत होत नसेल तर वर जा, प्रत्येकाने वेगळ्या स्टॉलवरून आणायचं आणि एका टेबलवर बसायचं.

गावचा खरा रस्त्यावरचा पदार्थ म्हणजे लाम्प्रेदोत्तो, गाईच्या चौथ्या जठराचं, रश्श्यात शिजवून पावात घालून हिरव्या चटणीबरोबर. जे खातात त्यांनी नक्की खा, जे खात नाहीत त्यांनी नाव पाठ करून ठेवा म्हणजे चुकून मागवलं जाणार नाही. प्रसिद्ध बिस्टेका, म्हणजे स्टेक, तीपण गाईचीच, किलोवर विकतात, एक तुकडा किलोच्या वरच असतो आणि आतून लाल ठेवतात, जास्त शिजवून द्या म्हटलं तर नाराज होतात.

शाकाहारी माणसाचं काय? तस्कनीत त्याचं हाल होत नाहीत, हे आईच्या साक्षीने सांगतो. रिबोलीता मागवा, शिळा पाव, काळी कोबी, पांढरी चवळीसारखी बी आणि भाज्या, नावाचाच अर्थ परत उकळलेलं, म्हणजे कालचं आज गरम करून खायचं. आई म्हणाली, "हे तर आपल्या कुस्करलेल्या भाकरीचंच भावंडं की." पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे पाव आणि टोमॅटोची लापशी, ऑलिव्ह तेल वरून. दोन्हींत रस्सा मटणाचा नाही ना हे विचारायचं, "ब्रोदो दी कार्ने?" एवढं म्हटलं तरी समजतात. नुसतं "मांस नको" म्हणून थांबू नका, काहीजणांच्या हिशेबात हॅम हे मांस नाहीच. मान्झो म्हणजे गाय-बैल, मायाले म्हणजे डुक्कर, प्रोश्युत्तो म्हणजे हॅम, आच्चुगे म्हणजे बारीक खारवलेला मासा जो कुठेही लपलेला असतो. पार्मेजानो चीज बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहारी असाल तर "सेन्झा फोर्माज्जो" म्हणा.

पाव खाल्ल्यावर तोंड वाकडं करू नका, त्यात मीठच नसतं. विसरले नाहीत, इथली पद्धतच तशी, कारण सोबतचे सॉसेज आणि चीज खारट असतात. बिलात कोपेर्तो नावाची ओळ दिसेल, माणशी दोन-तीन युरो, ती टेबलची आणि पावाची आकारणी, फसवणूक नव्हे. वर टीप द्यायची सक्ती नाही. आम्ही दुसऱ्या एका दिवशी मोठ्या चौकावर फोटोवाल्या मेन्यूच्या ठिकाणी बसलो आणि चार बाटल्या पाण्याचे इतके पैसे लागले की बाबा दोन दिवस तेच सांगत होते. मेन्यूत फोटो, दारात बोलावणारा माणूस, सहा भाषांतली पाटी, यातलं काहीही दिसलं की पुढे चला.

दीड ते तीन, सांता मारिया नोव्हेला

मंडईतून दहा मिनिटांवर, स्टेशनला ज्याच्यावरून नाव पडलं ते चर्च. पुढचा भाग हिरव्या-पांढऱ्या दगडाचा, वरचा अर्धा आल्बेर्ती या आर्किटेक्टने केला, १४७० मध्ये पूर्ण झाला, आणि वर लॅटिनमध्ये पैसे देणाऱ्या रुचेल्लाईचं नाव इतकं मोठं कोरलंय की आपल्याकडच्या देणगीदाराच्या फरशीची आठवण व्हावी. तिकीट आहे, पण आत मठाचे चौकही त्यातच येतात.

आत गेल्यावर डाव्या भिंतीवर मधोमध मासाच्चोचं ट्रिनिटी नावाचं चित्र. साधारण १४२७ चं. सपाट भिंतीवर गणिताने खोली कशी दाखवायची याचं हे पहिल्या काही उदाहरणांपैकी, समोरच्या बाजूला जरा मागे सरकून उभे राहिलात की भिंत आत गेल्यासारखी वाटते, खरंच तिथे छोटं देऊळ आहे असं. मासाच्चो हे करून २७ वर्षांच्या आसपास गेलासुद्धा. नंतर वासारी या चित्रकाराने त्याच्यासमोर वेदी उभी केली आणि हे चित्र तीनशे वर्षं मागे लपून राहिलं, एकोणिसाव्या शतकात परत सापडलं. खाली सांगाडा आहे आणि त्यावर इटालियनमध्ये अशा अर्थाचं लिहिलंय की मी तुमच्यासारखाच होतो, तुम्हीही माझ्यासारखे होणार. बाबा म्हणाले, "हे स्मशानात लिहितात तसंच की." चर्चच्या मधोमध वर टांगलेला मोठा क्रूस जोत्तोचा.

मुख्य वेदीच्या मागची तोर्नाबुओनी चॅपेल शेवटाला ठेवा. तीन भिंती भरून गिर्लांदायोने मेरी आणि सेंट जॉनच्या गोष्टी काढल्यात, पण कपडे, घरं, बायका सगळ्या १४८० च्या दशकातल्या फ्लॉरेन्सच्या, म्हणजे देवाची गोष्ट आणि पैसेवाल्या घराचा अल्बम एकाच भिंतीवर. याच्याच कारखान्यात मायकेलअँजेलो पोरगा असताना उमेदवारी करत होता. मठाच्या चौकातून स्पॅनिश चॅपेलमध्येही जा, तिथे थंडावा असतो आणि बसायला मिळतं.

वेळ असेल तर मागच्या विया देल्ला स्काला रस्त्यावर साधूंनी सुरू केलेलं अत्तर-औषधांचं जुनं दुकान आहे, १६१२ पासून लोकांसाठी उघडं. किमती बघून आम्ही वास घेऊन परत आलो, वास फुकट.

दुओमो, बाहेरूनच

तीन-सव्वातीनला दुओमोच्या चौकात. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे नाहीत पण रांग चौकाला वळसा घालते, आणि खरं सांगू का, आतून ते बऱ्यापैकी रिकामं आहे, मोलाच्या बऱ्याच वस्तू मागच्या म्युझियममध्ये नेल्यात. एक दिवस असेल तर रांगेत एक तास घालवू नका. बाहेरून गोल फिरा, मागच्या बाजूने, जिथून घुमट अंगावर येतो.

काम १२९६ मध्ये सुरू झालं, भिंती उभ्या राहिल्या, वर पंचेचाळीस मीटर रुंदीचं भगदाड, आणि ते झाकायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण एवढ्या मोठ्या घुमटाला खालून आधार द्यायला लाकूडच पुरलं नसतं. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये खालून आधार न देता तो बांधला. दोन कवच, एकात एक, आणि विटा हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचलेल्या, म्हणजे चुना ओला असताना घसरत नाहीत. मागच्या फरसबंदीत एक गोल पांढरा संगमरवर शोधा, घुमटावरचा सोनेरी गोळा १६०० च्या सुमारास वीज पडून खाली आला ती जागा. पर्यटक त्यावरून चालत जातात, कुणाला पत्ता नसतो. पुढचा रंगीत दर्शनी भाग मात्र तसा नवा, १८८७ मध्ये पूर्ण झालेला.

समोरच्या बाप्तिस्त्रीच्या, म्हणजे बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीच्या, सोनेरी दारांसमोर गर्दी असते, ती गिबेर्तीच्या दारांची नक्कल आहे, अस्सल म्युझियममध्ये. तरी नक्कलही बघण्यासारखी, माणसं किती पुढे आलीत आणि मागचं कसं चपटं होत जातं ते बघा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, इथे खिसेकापू आहेत.

आता जेलातो. डोंगरासारखा फुगवून रचलेला, निऑन रंगाचा दिसला तर पुढे जा. झाकण असलेल्या स्टीलच्या भांड्यांत ठेवलेला असेल, पिस्ता मातकट हिरवा आणि केळं करड्या रंगाचं असेल तर तिथे खा.

सिन्योरिया, पूल आणि एक नाणं

दुओमोपासून पियाझ्झा देल्ला सिन्योरिया पाचेक मिनिटं. इथे डुप्लिकेट डेव्हिड, आणि नेपच्यूनच्या कारंज्यासमोर जमिनीत गोल पाटी, सावोनारोलाला जाळलं ती जागा. सकाळी त्याची खोली बघितलेली असते त्यामुळे हे नुसतं दगड राहत नाही. वेक्कियो राजवाड्याच्या बाजूला सरकारी पाण्याचा नळ आहे, साधं आणि सोडावालं दोन्ही फुकट. बाटली भरून घ्या. चौकाच्या कडेला पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, २०१८ मध्ये काही रस्त्यांवर खाण्याला दंड लावला होता.

पोंते वेक्कियो पूल १३४५ चा. आधी त्यावर खाटीक होते, वास सहन होईना म्हणून १५९३ मध्ये ड्यूकने त्यांना हाकललं आणि सोनार बसवले, अजून सोनारच. १९४४ मध्ये जर्मनांनी माघार घेताना शहरातले बाकी पूल उडवले, हा एकच ठेवला. सोनं बघायचं पण घ्यायचं नाही, आईने भाव विचारून मान हलवली आणि कोल्हापूरच्या गुजरीतलं आपलंच बरं म्हणाली.

पूल ओलांडला की थोडं पुढे डाव्या हाताला छोट्याशा चौकात सांता फेलिचिता. कुणी सांगितल्याशिवाय कुणी आत जात नाही. आत शिरताच उजवीकडच्या चॅपेलमध्ये पोन्तोर्मोचं येशूला क्रूसावरून उतरवल्यावरचं चित्र, १५२५ ते १५२८ चं. अंधार असतो. इथे ते नाणं कामाला येतं, पेटीत टाकलं की दिवा लागतो, थोडा वेळ, मग परत विझतो. गुलाबी, पोपटी, आकाशी असे रंग, माणसं तरंगताहेत की पडताहेत कळत नाही, क्रूस तर दिसतच नाही. सकाळपासून बघितलेलं सगळं शिस्तीतलं होतं आणि इथे एकदम सगळं सुटलंय. हे चर्च दुपारी बंद असतं आणि संध्याकाळीही लवकर बंद होतं, पाचच्या आत पोचा.

सान मिनियातो आणि रात्रीचं जेवण

थोडा वेळ बसा, काही प्या. नेग्रोनी हे कॉकटेल याच गावात १९१९ मध्ये जन्मलं असं सांगतात, कडू आहे, सवय नसेल तर आधी एकाने मागवून चव घ्या. जुन्या घरांच्या भिंतीत दाराच्या बाजूला छोटीशी कमानदार खिडकी दिसेल, पूर्वी श्रीमंत लोक त्यातून थेट वाइन विकायचे. शोधत चालायला मजा येते.

मग वर टेकडीवर. १२ किंवा १३ नंबरची बस पियाझाले मायकेलअँजेलोला जाते, बसमध्ये चढल्या चढल्या कार्ड टॅप करा, विसरलात तर दंड. तिथून सगळे लोक फोटो काढून परत जातात. तुम्ही अजून पाच-सात मिनिटं वर चढा, सान मिनियातो आल मोन्ते. इ. स. १०१८ मध्ये बांधायला घेतलेलं, म्हणजे डेव्हिडच्याही पाचशे वर्षं आधीचं. जमिनीवर १२०७ चं राशीचक्र आहे, संगमरवरात, आईने आपली रास शोधून त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला. तिकीट नाही. संध्याकाळी इथले साधू तळघरात प्रार्थना गातात, ऋतूप्रमाणे वेळ बदलते, दारावर लिहिलेली असते, जमलं तर ती गाठाच. मोबाइल बंद, मागच्या बाकावर, गप्प. बाबांना अर्थ कळायचा प्रश्न नव्हता पण शेवटपर्यंत बसले. बाहेर पडल्यावर खाली सगळं गाव आणि तो घुमट, सूर्य मावळताना.

परत खाली उतरताना सान निक्कोलो भागात जेवा, साडेसात-आठच्या आधी कुणी दार उघडत नाही, टेबल आदल्या दिवशी फोन करून धरा. शेवटी कांतुच्ची, बदामाचे कडक बिस्किट, सोबत विन सांतो नावाची गोड वाइन, त्यात बुडवून खायची. आईने चहा मागितला. मिळाला, कोमट.

कोल्हापूरकरांसाठी, दुसऱ्या सकाळी

गावाच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रपती राजाराम महाराज, कोल्हापूरचे, आपल्या राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. इंग्लंडच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय वर्षं वीस. इथे माणसाला दहन करण्याची पद्धत नव्हती, खास परवानगी घेऊन याच संगमावर अंत्यसंस्कार केले. स्मारक १८७४ चं, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने नंतर कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला. बाजूचा मोठा पूलही इथे इन्दियानो म्हणूनच ओळखला जातो.

ट्राम टी१ ने काशिनेच्या स्टॉपला उतरा, मग नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चालत राहा, तीनेक किलोमीटर आहे. बाबांचे गुडघे होते म्हणून आम्ही टॅक्सीने गेलो, ड्रायव्हरला पत्ता सांगायचा नाही, नुसतं "मोन्युमेन्तो देल्ल'इन्दियानो" म्हणायचं. तिथे पोचल्यावर त्याला थांबायला सांगा, परतीची टॅक्सी त्या टोकाला पटकन मिळत नाही. आई चपला काढून उभी राहिली आणि त्यानेही गाडीचं मीटर बंद केलं.